मूळ पुरुष : मल्लव्वा

गुरम्माच्या फॉर्मवरचा 'अपूर्ण' हा शेरा माझ्या हातचा. लाल शाईत, स्वच्छ अक्षरात, खाली तारखेसह. पस्तीस वर्षे मी कार्यालयात लोकांची सेवापुस्तके लिहीत आलो, पुढच्या मे महिन्यात निवृत्त होईन. रकाना रिकामा दिसला की कागद अपूर्ण, हे माझ्या हाताला इतके सवयीचे झाले आहे की शेरा लिहिताना डोके चालवावे लागत नाही. त्या दिवशीही मी ते चालवले नाही. या गोष्टीत मला पुष्कळांचा राग आला, अजून आहे; पण सुरुवात त्या लाल शाईपासून झाली, म्हणून ती आधी सांगितली.

गुरम्मा सत्त्याहत्तर वर्षांची. आमच्या चर्चची सगळी मंडळी तिला अक्का म्हणते. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, दोन खोल्यांत एकटी राहते. आठव्या वर्षापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, पुढे तीस वर्षे एका दवाखान्यात आया म्हणून काम केले. नवरा चन्नवीर गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि दुसऱ्या वर्षी तो गेला. मूलबाळ नाही. तिच्या तोंडात कानडी आणि मराठी एका घासात असतात. खोटे बोललेले तिला चालत नाही. दवाखान्यात एका डॉक्टरने नातेवाइकांना सांगितले, म्हातारी झोपेत गेली. ही मागून म्हणाली, झोपेत न्हाय, पाणी पाणी करत गेली, मी हितंच होते. त्यावरून तिची बदली झाली होती. ती गोष्ट ती अजून अभिमानाने सांगते.

अक्काची आजी मल्लव्वा. दुधनीकडच्या एका खेड्यात नऊ वर्षांची असताना आईबापांनी तिला देवीला सोडले, गळ्यात मोती बांधले. तिच्या वाट्याला जे आले ते तिने कधी कुणाला नीट सांगितले नाही. चोविसाव्या वर्षी दीड वर्षाच्या मुलीला काखेत घेऊन ती सोलापुरात आली, गिरणीत लागली, आणि आमची मंडळी सुरू झाली त्याच वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला. ती दीड वर्षाची मुलगी कमलम्मा, म्हणजे अक्काची आई. शंभर वर्षांपूर्वीची बाप्तिस्म्याची नोंदवही अजून कपाटात आहे. तिच्यात तिसरी नोंद मल्लव्वाची. नवऱ्याच्या नावाच्या जागी त्या वेळच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एक आडवी रेघ मारली आहे. त्यांनी काही विचारले नसेल, किंवा विचारून उत्तर ऐकले असेल. पण रेघ मारून पुढची नोंद लिहिली आहे. त्यांना ती नोंद अपूर्ण वाटली नाही.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. नाताळच्या आधीच्या रविवारी प्रभूची वंशावळ उपासनेत म्हटली जाते. वाचली जात नाही, म्हटली जाते. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. नवख्या माणसाला ती नुसती नावांची माळ वाटते. पूर्वी मल्लव्वा म्हणायची, तिच्यानंतर अक्का म्हणते. मल्लव्वाला वाचता येत नव्हते. कुणाकडून तरी ऐकून ऐकून, कांड्या भरता भरता, तिने ती पाठ केली आणि नातीला शिकवली. चौदा रिकाम्या कांड्या घ्यायच्या, एकेका नावाला एक कांडी डावीकडून उजवीकडे सरकवायची. असे तीन वेळा.

तिसऱ्या वेळी एक कांडी उरते. मी वाणिज्य शाखेचा. लहानपणी मला वाटले, अक्काचे मोजायचे चुकते. घरी येऊन पुस्तकात, म्हणजे बायबलात, मोजले. खरेच तिसऱ्या चौदात तेराच नावे भरतात. मी अक्काला विचारले तेव्हा तिने आजीचे उत्तर सांगितले. ही उरलेली मरीयेची. बापांची नावं मोजणाऱ्याला ती सापडत न्हाय, पण तिच्याबिगर पुढं जाता येत न्हाय. दर वर्षी अक्का ती कांडी टेबलावर उभी ठेवते आणि मगच येशूचे नाव घेते. मंडळीतली मुले त्या उभ्या कांडीसाठीच माना उंचावून बसतात.

मल्लव्वा म्हणायची की एवढ्या बापांच्या रांगेत देवाने मुद्दाम चार बाया आणखी घातल्या आहेत. सासऱ्याला त्याची चूक कबूल करायला लावणारी तामार, वेशीवर धंदा करणारी राहाब, परमुलखातली विधवा रूथ, आणि जिचे नावसुद्धा लिहिले नाही अशी उरीयाची बायको. सारा होती, रिबका होती, त्यांना घातले नाही, ह्यांना घातले. देवाला काही करायचे असते तेव्हा तो कुणाच्या घरातून वाट काढेल ते माणसाने ठरवू नये, एवढेच ती सांगायची. मी पन्नास वर्षे या विषयावर प्रवचने ऐकली. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितले नाही.

आता शताब्दीची गोष्ट. गेल्या वर्षी मंडळीच्या पंचांनी ठरवले की चर्चच्या दारापुढच्या मंडपाच्या भिंतीत काळ्या दगडाचा फलक बसवायचा, त्यावर मंडळीच्या मूळ घराण्यांची नावे कोरायची. शताब्दी समितीचे अध्यक्ष चिंतामणीसर, निवृत्त मुख्याध्यापक, सचिव मी. घराण्यांची माहिती मागवण्यासाठी फॉर्म मी तयार केला. पहिला रकाना 'मूळ पुरुष', दुसरा 'त्याच्या वडिलांचे नाव', तिसरा 'आडनाव'. आमच्याकडे वंशावळ लिहायची म्हणजे ती अशीच लिहितात, असे मला वाटले.

अक्काने फॉर्म भरून आणला. 'मूळ पुरुष' खाली तिने लिहिले होते, मल्लव्वा. पुढचे दोन रकाने रिकामे. मी लाल शाईने शेरा लिहिला आणि फॉर्म वेगळ्या फाइलला लावला.

समितीच्या बैठकीत पंधरा घराणी निघाली. चिंतामणीसरांनी यादीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, एक अपूर्ण आहे ना, मग चौदाच राहतात. त्यांना हे फार आवडले. शुभवर्तमानात चौदा, आपल्या फलकावर चौदा. हा योगायोग नव्हे, यात देवाची योजना आहे, असे ते म्हणाले. एकाने हळूच सांगितले की मल्लव्वा नोंदवहीत तिसरी आहे. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, शताब्दीला बाहेरगावचे पाहुणे येणार, कुणी विचारले तर कुटुंबाची पार्श्वभूमी सांगावी लागेल, त्यात त्या बिचारीचीच बेअब्रू. पार्श्वभूमी! जोगतीण हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता म्हणून हा शब्द आला. हेच सर दर डिसेंबरात राहाबेवर प्रवचन करतात. पापिणीला देवाने कसे उचलले हे ते रंगवून सांगतात. राहाब तीन हजार वर्षे लांब आहे, तिची नात पुढच्या बाकावर बसत नाही, म्हणून सगळे सोपे जाते. एक घराणे गाळायचे आणि उरलेल्या आकड्याला देवाची योजना म्हणायचे, हे त्या खोलीत कुणालाच विचित्र वाटले नाही. मलाही नाही. बैठकीचे इतिवृत्त सुवाच्य लिहिले.

यादी सूचनाफलकावर लागली त्याच दिवशी अक्का माझ्या घरी आली. बसली नाही. दारातूनच विचारले, "शिवानंद, माजा फॉर्म कुटं हाय?"

मी फाइल आणली. तिने फॉर्म डोळ्यांजवळ धरला आणि लाल शाईवर बोट ठेवले.

"हे अक्षर तुजं."

मी हो म्हणालो.

"काय अपुरं हाय ह्यात?"

मी सांगितले की वडिलांचे नाव नाही, आडनाव नाही, नियमाप्रमाणे मला तसा शेरा द्यावाच लागला. सांगता सांगता माझ्याच लक्षात येत होते की नियम करणाराही मीच होतो.

"नाव न्हवतं म्हणून लिवलं न्हाय. खोटं लिवाय पायजे हुतं व्हय? तुजा रकाना भरला असता की मग." ती म्हणाली. मग फॉर्म माझ्या हातात देत, "मला पोर न्हाय. मी गेले की तिचं नाव घेणारं कुणी न्हाय. दगडावर ऱ्हाईल म्हणून आले हुते."

माझ्या बायकोने चहा टाकला होता. अक्का चहा न घेता गेली. आमच्या घरून ती अशी कधी गेली नव्हती.

मी चिंतामणीसरांकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा ते म्हणाले की मजकूर ठरला आहे. दुसऱ्यांदा त्यांनी तोडगा काढला, फलकाच्या तळाला 'आणि इतर' असे कोरू. तो निरोप अक्काला देण्याची माझी हिंमत झाली नाही. पण निरोप पोचला. आमच्या मंडळीत निरोपांना पाय असतात. अक्काने कळवले की तामार, राहाब तळाला 'आणि इतर'मध्ये आहेत का ते सरांनी पुस्तक उघडून बघावे.

नाताळच्या आधीचा रविवार आला. सकाळची उपासना, बाके भरलेली. अक्का नेहमीसारखी पांढऱ्या साडीत पुढे आली, पिशवीतून चौदा कांड्या काढून टेबलावर मांडल्या आणि सुरू झाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, याकोबाला यहूदा. मग म्हणाली, यहूदाला पेरेस झाला. आणि थांबली. तामारेचे नाव घेतले नाही. पुढे सल्मोनाला बवाज झाला. राहाब नाही. पुन्हा तेवढीच थांबली. बवाजाला ओबेद झाला, रूथ नाही. तोवर बाकांवर कुजबुज सुरू झाली होती. म्हाताऱ्या बाया नावे आपोआप पुटपुटतात, त्यांची तोंडे नावाशी येऊन अडखळत होती. कुणीतरी पुढून 'रूथेपासून' असे सुचवले. अक्काने तिकडे पाहिलेही नाही. दावीदाला शलमोन झाला, म्हणाली. उरीयाची बायकोही गेली.

दुसरे चौदा संपले, तिसरे सुरू झाले. मत्तानाला याकोब झाला. याकोबाला योसेफ झाला. टेबलाच्या डावीकडे दोन कांड्या राहिल्या. अक्काचा हात त्यांच्यावर थांबला.

"आता पुढं कसं म्हणू?" ती म्हणाली. चिंतामणीसर पहिल्या बाकावर होते. ती त्यांच्याकडे वळली. "सर, बायकांची नावं मी गाळत आले. तुमी शिकवलं तसं. आता योसेफाला येशू झाला म्हणू का? तसं तर पुस्तकात न्हाय. मग बापाच्या रकान्यात काय लिवू? का ह्यो बी फॉर्म अपुरा?"

 सर उठले. वर्गात एखाद्या पोराला समजावतात त्या आवाजात म्हणाले, "गुरम्माबाई, तो देवाचा पुत्र आहे."

"व्हय. मग माजी आई कुणाची लेक? तिला काय दुसऱ्या कुणी जल्माला घातलं?"

 अक्काने दोन्ही कांड्या तशाच टेबलावर सोडल्या आणि जागेवर जाऊन बसली. शंभर वर्षांत पहिल्यांदा आमच्या मंडळीत वंशावळ योसेफापाशी थांबली. पाळकसाहेब व्यासपीठावर आले, प्रार्थना सुरू करायला त्यांनी डोळे मिटले. मग प्रार्थना न करताच डोळे उघडले आणि मला कपाटातली नोंदवही आणायला सांगितली. पहिल्या पानावरच्या पंधरा नोंदी त्यांनी क्रमाने मोठ्याने वाचल्या. तिसरी मल्लव्वा, आणि मुलगी कमलम्मा. आडवी रेघ आली तिथे ते म्हणाले, इथे रेघ आहे, आणि पुढे गेले.

त्याच आठवड्यात पंचांनी ठराव केला की पंधरा नावे कोरावीत, नोंदवहीच्या क्रमाने. कुणाचे मन बदलले म्हणून नव्हे. भर उपासनेत शोभा झाली म्हणून. हे मी इतिवृत्तात लिहू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

मी अक्काकडे फॉर्म घेऊन गेलो. आमच्या कार्यालयात सेवापुस्तकातली चूक खरडून काढत नाहीत. खाली काय होते ते वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी 'अपूर्ण' वर तशी रेघ मारून सही केली होती. अक्काने कागद बघितला, परत दिला.

"सही केलीस, बरं केलंस. पण लिवतानाच डोस्कं कुटं ठेवलं हुतंस?"

  या वेळी मात्र तिने चहा केला.

शताब्दीचा दिवस जानेवारीतला. दगड रामहरी पाथरवटाने आदल्या दिवशी भिंतीत बसवून वर कापड टाकले होते. पाहुणे दहाला येणार होते. अक्का आठलाच आली आणि मला म्हणाली, कापड वर कर, मला आदी बगू दे. मी कापड उचलले. तिसऱ्या ओळीत नाव होते. अक्षर सुरेख. मल्लव्वा, आणि पुढे कंसात, विधवा.

मी मजकूर दिला होता त्यात हा शब्द नव्हता. रामहरीला फोन केला. तो म्हणाला, सरांचा फोन आला होता, एक शब्द राहिलाय म्हणून सांगितले, मी घातला. तेवढ्यात सर स्वतःच आले. नवा कोट, छातीला फीत. अक्का दगडासमोरून हलली नाही.

"कुणाची विधवा?" तिने विचारले. "त्याचं नाव सांगा की."

सर खालच्या आवाजात म्हणाले की हे तिच्याच मानासाठी केले, लोक वाचतील, चांगले दिसेल, यात कुणाचे नुकसान नाही. मी आयुष्यात वरिष्ठांवर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. मी म्हणालो, "सर, पुस्तक लिहिणाऱ्याने राहाबेला विधवा लिहिले नाही. तुम्ही कोण?" 

अक्काला माझ्या ओरडण्याचे काही वाटले नाही. ती सरांनाच सांगत होती, एखाद्या रोग्याला औषध कसे घ्यायचे ते सांगावे तशी. "तिचा नवरा मेला न्हवता, सर. तिला नवराच न्हवता. नऊ वर्साची हुती तवा सोडली तिला. ते करणाऱ्याची नावं कुटं कोरली न्हाईत, आन तुमी तिच्या नावाला मेलेला नवरा चिकटवता. देवाच्या घरात दगडावर खोटं कशाला?"

रामहरी हत्यारे घेऊन आला तेव्हा साडेनऊ झाले होते. त्याने दगडावरून हात फिरवला. म्हणाला, अक्षर खोल गेलंय, काढलं तर खड्डा पडंल, लई वाईट दिसंल. सर लगेच म्हणाले, बघा, म्हणूनच आज राहू द्या, नंतर बघू.

"पडू दे खड्डा," अक्का म्हणाली.

रामहरीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने छिन्नी लावली. काळ्या दगडाची पांढरी भुकटी अक्काच्या पायांवर पडत होती, ती तिथेच उभी होती. पाहुण्यांची गाडी फाटकात आली तेव्हा शेवटचा 'वा' निघत होता.

तो खड्डा अजून आहे. बोटभर लांब, कडेने खरबरीत, चौदा गुळगुळीत ओळींमध्ये डोळ्यांत भरेल असा. दर रविवारी उपासनेआधी अक्का पदराच्या टोकाने त्यातली धूळ पुसते, मग आत जाते. या डिसेंबरात तिने वंशावळ पुरी म्हटली, सगळ्या बायांसकट, आणि उरलेली कांडी टेबलावर उभी ठेवली. चिंतामणीसरांनी प्रवचन केले नाही; घसा बसला असल्याचे कळवले.

पाहुणे मात्र येत राहतात, आणि दगडापाशी थांबतात. परवा सर एका कुटुंबाला सांगत होते की दगडातच दोष होता, कोरताना टवका उडाला. मी मागेच उभा होतो. मी पुढे होऊन त्या लोकांना सांगितले की दगडात दोष नव्हता. मल्लव्वा कोण होती, तिला कुणी सोडले, खड्ड्याच्या जागी काय लिहिले होते आणि ते कुणी कोरायला लावले, सगळे क्रमाने सांगितले. सर तिथेच होते. त्यांना जायचे असते तर वाट मोकळी होती.